पाणी प्याले का

सकाळी १०.०५ । प्राणी: निरंक

देवकला कुमरेने माझी पिशवी दोरीने वर ओढून घेतली, चेन उघडून आत पाहिलं आणि चेन पुन्हा लावली.

"किती दिवसांसाठी आले, सर?"

उद्या सकाळी दहापर्यंत, मी सांगितलं. प्राणीगणना चोवीस तासांचीच असते हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं, तरी सांगितलं.

"मले वाटलं, पावसाळा काढाचा हाये."

पिशवीत क्रीमच्या बिस्किटांचे तीन पुडे, बारीक शेव, केळ्याचे वेफर्स आणि सोनपापडीचा डबा होता. बायकोने दिलेला पोळीभाजीचा स्टीलचा डबा सर्वांत खाली होता.

मचाण लोखंडी, जमिनीपासून पंधरा-सोळा फुटांवर, एका जुन्या बेहड्याला टेकून उभं केलेलं. समोर पंचवीसेक पावलांवर सिमेंटचा बशीसारखा गोल पाणवठा. त्यामागे सौर पंपाच्या दोन पाट्या. मे महिना होता आणि दहालाच त्या पाट्यांकडे बघवत नव्हतं.

देवकला या बीटची वनरक्षक, तिशीच्या आसपासची. तिने नियम सांगितले. बोलायचं ते कानाशी. उभं राहायचं नाही. आवाज करायचा नाही, म्हणजे अजिबात नाही. मग छापील तक्ता माझ्यापुढे ठेवला. ती बघणार आणि मी लिहिणार. वेळ, प्राणी, संख्या. कडेला पेनाने आखलेला एक जादा रकाना होता, फक्त याच पाणवठ्यासाठी. त्यावर कोणीतरी घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, पाणी प्याले का.

सकाळी १०.४० । निरंक

तो रकाना रेंजर साहेबांनी वाढवला होता.

दोन वर्षं अर्ज करून देवकलाने हा पंप मिळवला. गेल्या वर्षी गणनेला याच मचाणावर शहरातले दोघं बसले होते. आठ जनावरं काठापर्यंत आली, प्यायलं एकही नाही. त्या दोघांनी शेरा मारला: प्राणी कृत्रिम पाणी स्वीकारत नाहीत. साहेबांनी तिला आणखी एक उन्हाळा दिला. या वेळीही रकान्यात सगळं 'नाही' आलं, तर पंप उचलून पर्यटकांच्या फाटकाकडे न्यायचा ठरला होता.

मग इथल्या जनावरांनी काय करायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, पाऊस येईस्तोवर ती गावच्या तळ्यावर उतरतात. दोन वर्षांपूर्वी एक गवा मादी अशीच उतरली आणि शेताच्या कडेच्या कठडा नसलेल्या विहिरीत पडली. दोर आणेपर्यंत संध्याकाळ झाली.

"पोटात वासरू होतं," देवकला म्हणाली, आणि दुर्बीण पुसत बसली.

पण इथे रोज खुरांचे ठसे असतात ना, मी विचारलं. असतात. ठशांवरून जनावर काठाशी आलं होतं एवढंच कळतं. प्यायलं की नाही, हे ठसा सांगत नाही.

सकाळी ११.३५ । लांडोर । १ । होय

पुढे देवकलाच्या सांगण्यावरून खोडलेलं. पक्षी धरत नाहीत.

वेळ लिहिलेली नाही । प्राणी: मी । १

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अधीक्षक होतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या तीनशे बारा मुलांचे गुण संगणकात एक ओळ सरकले होते. पहिल्याचे दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. खाली सही माझी. सोमवारी निकाल. दुरुस्त यादी आमचा ठोसर भरत होता, आणि झाली की निरोप पाठवणार होता.

त्याच्या आदल्या महिन्यात डॉक्टरांनी साखरेचा अहवाल पुढे सरकवून सांगितलं होतं की काठावर आहात, गोळी सुरू करायची की नाही ते तीन महिन्यांनी बघू. त्यांनी आहाराचा कागद दिला. तो मी चार दिवस पाळला. पाचव्या दिवशी त्या तीनशे बारांचा फोन आला.

दरवर्षी गणनेला जाणारा शेजारी या वेळी लग्नात अडकला आणि त्याने त्याची जागा मला दिली. बायको म्हणाली, जा, तिथे फोन लागत नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. मचाणाच्या डाव्या कोपऱ्यात हात लांब केला की नेटवर्कची एक दांडी येई आणि जाई.

दुपारी १.२० । सांबर, मादी । १ । नाही

ती आली तेव्हा मला दिसली नाही. देवकलाने माझ्या गुडघ्यावर एक बोट ठेवलं आणि तेच बोट हळूच वर केलं. तेव्हा झाडाच्या बुंध्याला कान फुटले. बुंध्याला पाय आले. भर उन्हात ती सावलीतून सुटी झाली आणि काठापासून दहा पावलांवर थांबली.

पुढचा एक पाय उचललेला. तो खाली ठेवायलाच तिने मिनिटभर घेतलं. मान लांब केली, परत घेतली. एक पाऊल. पुन्हा कान. पुन्हा एक पाऊल. देवकला श्वास घेत होती की नाही, सांगता येणार नाही. सांबराने मान खाली घातली. पाण्यात तिचं तोंड दिसू लागलं, खालून वर येणारं, आणि दोन तोंडांमध्ये वीतभर अंतर उरलं.

चुर्र.

ती एकदम ताठ झाली. खूर आपटला, ओरडली, आणि जिथून आली होती तिथे फक्त झाड उरलं.

मी रागाने देवकलाकडे पाहिलं. एवढ्या वेळचं सगळं घालवलं हिने, असं मनात आलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. माझा हात वेफर्सच्या पाकिटात मनगटापर्यंत गेला होता.

मी तो तिथे घातला नव्हता. आजही शपथेवर सांगेन, मी तो तिथे घातला नव्हता.

दुपारी १.४०

ती पुन्हा पाणवठ्याकडे बघत बसली, आणि मला ते सहन होईना. मी पेन काढलं. कानाशी म्हटलं की मी 'होय' लिहितो. तोंड पाण्यापर्यंत गेलंच होतं, आणखी एक क्षण मिळता तर प्यालीच असती. आमच्याकडे एका गुणाने नापास होणाऱ्याला आम्ही तो देतोच.

"लिहाचं असतं तं मीच लिवलं असतं न," ती म्हणाली.

मग कोण तपासणार आहे, मी विचारलं.

"कोणी नाही." तिने पाणवठ्यावरची नजर काढली नाही. "मले पाह्यचं हाये सर, का ते पेतात का. पेतच नसन तं पंप दुसरीकडं गेलेला बरा. तिथलं जनावर तरी पेईन. मी आपल्या हट्टापायी ठेवू काय?"

मला तोवर वाटत होतं की तिला पंप हवा आहे. मी पेनाला टोपण लावलं.

दुपारी २.००

मी म्हटलं, माफ करा, एरवी मी एवढं खात नाही. सकाळपासून तीनदा, फार तर चारदा तोंडात काही टाकलं असेल.

देवकलाने खिशातून छोटी वही काढली. जनावरं मोजताना ती रेघा मारते: चार उभ्या, पाचवी आडवी. एका पानावर तशा रेघा होत्या. पानाच्या डोक्यावर प्राण्याचं नाव नव्हतं.

"एकोणीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, शक्य नाही. पंचवीस वर्षं मी इतरांचे फेरतपासणीचे अर्ज निकाली काढत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः अर्जदार झालो. फेरमोजणी मागितली. तिने पिशवी उघडून पुढे केली. बिस्किटांचा एक पुडा संपला होता, दुसरा अर्धा. शेवेचं पाकीट रिकामं, घडी घालून परत आत ठेवलेलं. घडी माझीच, मी कागद तशीच घालतो. शेवेची चव मी जिभेवर शोधली. नव्हती.

माझी गणना कशाला केलीत, मी विचारलं.

"सवय हाये. जे हालते ते मोजतो." मग तिने रेघांच्या खाली बोट नेलं. जवळजवळ प्रत्येक रेघेखाली एक ठिपका होता. "हे पाहा. पहिले तुम्ही त्या कोपऱ्यात जाता, फोन वर करता. काही येत नाही. मंग अर्ध्या मिन्टात हात थैलीत. एकोणीसपैकी सतरा डाव."

मी ठिपके मोजले. सतरा.

"एखादं जनावर बिथरून फिरत असन तं आम्ही ते काय खाते हे मागून पाह्यतो," ती म्हणाली. "पहिले पाह्यतो, का ते कायले भेते. भेदरलेलं जनावर पाणी पेत नाही. कोरडं जाईन, पण पेणार नाही. तुमचं उलटं हाये सर. तुम्ही भेलं का खाता."

कोणी माझ्यावर उपकार करत नव्हतं, समजावत नव्हतं, रागावतही नव्हतं. मी रानातून चाललो होतो, आणि कोणाला तरी माझी वाट सापडली होती.

मी पिशवी उचलून तिच्या हातात दिली. म्हटलं, ठेवा तुमच्याकडे.

तिने ती परत माझ्या मांडीशी ठेवली.

"थैली राहू द्या तुमच्यापाशी. फोन द्या."

दुपारी २.१५ ते ४.३० । निरंक

निरंक.

पहिल्या तासात हात अकरा वेळा खिशाकडे गेला. या वेळी मी मोजत होतो. खिसा रिकामा लागला की तो हवेत थांबे. पुढे कुठे जायचं, हे त्याला कळत नसे. पिशवी तिथेच होती, पण पिशवीकडे जाणारा रस्ता खिशातून जात होता आणि खिशात काही नव्हतं. थोडा वेळ लोंबून हात मांडीवर परत येई.

दुसऱ्या तासात तीन वेळा.

मग वेडे राघू दिसू लागले. ते सकाळपासून तिथेच होते, असं देवकलाने नंतर सांगितलं. पंपाच्या तारेवरून सुटायचे, हवेतल्या हवेत काही टिपायचे आणि बरोबर त्याच जागी परत. पाणवठ्याच्या कडेला मधमाश्यांची काळी रेघ होती. एक सरडा आला आणि गेला, आणि तो जाईपर्यंत मी तीनशे बारांतल्या एकाचीही आठवण काढली नव्हती.

ठोसरचा निरोप तीन वाजून दहा मिनिटांनी आला होता. यादी पूर्ण, काळजी नको. मी तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. माझ्यावाचून झालं होतं.

संध्याकाळी ५.२५ । प्राणी: कोणता ते कळलं नाही

मी देवकलाच्या कानाशी गेलो. म्हटलं, मला काहीतरी होतंय. पोटात पोकळी झाल्यासारखं वाटतंय. दुखत नाही, मळमळत नाही. आतून कोणीतरी हळूच काही ओढावं तसं. साखर उतरली असेल, खाली जावं लागेल का?

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, डोळे, ओठ, घाम. शेवटचं कधी खाल्लं, विचारलं. एक वीसला, मी म्हटलं.

"भूक हाये ते," ती म्हणाली.

मला तिला विचारायचं होतं की खात्री आहे का, पण लाज वाटली. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. लहानपणी हे मला येत असणार. शाळेतून घरी धावत येताना येत असणार. त्यानंतर कधी थांबलं, कोणत्या वर्षी, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं.

मी पिशवीत हात घातला. या वेळी मीच घातला. सगळ्यांच्या खालून पोळीभाजीचा डबा काढला, मांडीवर ठेवला, आणि झाकणावर पंजा ठेवला.

देवकलाने बोट वर केलं.

संध्याकाळी ५.३५ । गवा

एवढं मोठं जनावर, आणि पानाचा आवाज नाही.

पलीकडची झुडपं फक्त गडद झाली. मग त्या गडदातून एक कपाळ पुढे आलं, राखाडी, त्यावर वळलेली शिंगं. मग खांदा. खांदा येत राहिला, येत राहिला, मला वाटलं हा संपणारच नाही. काळपट अंग आणि गुडघ्यांपासून खाली पांढरे पाय, जणू कोणी तिला चुन्यातून चालवत आणलं होतं. म्हातारी मादी होती. एका कानाला फाट.

तिच्यामागे दुसरी. तिसरी. मग माझं मोजणं थांबलं.

म्हातारी काठाशी आली आणि थांबली. मागचे सगळे थांबले. एक तांबूस वासरू पायांमधून पुढे घुसलं, पाण्याकडे. तिने मान आडवी केली, नुसती आडवी. वासरू मागे सरकलं. ते सगळे तहानलेले होते. माझ्यासारख्यालाही दिसत होतं, बरगड्या दिसत होत्या, जिभा दिसत होत्या. पाणी दोन हातांवर होतं. कोणीही प्यायलं नाही. म्हातारी ऐकत होती.

ती किती वेळ ऐकत होती, ते मला सांगता येत नाही. देवकलाच्या घड्याळाने नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत तिने आमच्याकडे दोनदा पाहिलं. तिची नजर माझ्यावरून गेली तेव्हा डब्याच्या झाकणावरचा माझा पंजा दगड झाला होता. बोट हललं असतं तर स्टील वाजलं असतं. स्टील वाजलं असतं तर पंप गेला असता.

आणि तेव्हा माझं पोट बोललं.

गुरगुर म्हणतात त्याला, पण शब्द लहान आहे. तो लांब, खोल आवाज होता, वळणं घेत उतरत गेलेला, आणि त्या शांततेत तो पाणवठ्यापर्यंत पोहोचला. अकराच्या अकरा डोकी वर आली. सगळी शिंगं माझ्या दिशेला वळली. देवकलाचे डोळे मिटलेले मी पाहिले. मला करता येण्यासारखं काहीच नव्हतं. पोटावर हात ठेवला असता तरी त्याने ऐकलं नसतं. ते पुन्हा बोललं.

म्हातारीने फाटका कान पुढे केला. तिच्या नाकपुड्या मोठ्या झाल्या, लहान झाल्या. ती तो आवाज तपासत होती. आयुष्यभर तिने तो ऐकला असणार: स्वतःच्या पोटात, वासरांच्या पोटात, कळपात रात्रंदिवस. पाकिटाचा आवाज जंगलात कोणाचाच नाही. हा सगळ्यांचा होता.

तिने मान खाली घातली आणि पिऊ लागली.

मला वाटलं होतं पाणी पिण्याचा आवाज होईल. नाही झाला. फक्त तिच्या गळ्याखालून एक गोळा वर जाताना दिसला. मग दुसरा. मग तिच्या दोन्ही बाजूंनी बाकीचे सरकले, वासरू तिच्या छातीखालून घुसलं आणि थेट पाण्यातच उभं राहिलं. आता तिने त्याला अडवलं नाही. अकरा मानांमधून पाणी चढत होतं. उतरतं ऊन त्यांच्या पाठींवर होतं आणि पाणवठ्याची पातळी खाली जाताना डोळ्यांना दिसत होती, सिमेंटवर ओली कड रुंद होत होती. मी जगात पहिल्यांदाच कोणाला काही पिताना पाहत होतो, असं मला वाटलं.

लिहायचं राहिलं. देवकलाने डोळे उघडले होते. तिचे ओठ हलत होते, मोजत होती. मग तिने माझ्या मांडीवरचा तक्ता हळूच सरळ केला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

संध्याकाळी ५.५२ । गवा । ११ (अकरा) । होय

आकड्यात आणि अक्षरात. आमच्याकडे तशी पद्धत आहे.

पंप राहिला. त्याच वर्षी बशी आणखी दोन हात रुंद केली, असं देवकलाने पुढच्या दिवाळीत फोनवर सांगितलं. माझी साखर तीन महिन्यांनी कुठे होती ते मी तिला सांगितलं. तिने विचारलं, अन् ठिपके? ते मी आता स्वतः मोजतो, म्हटलं.

संध्याकाळी ६.१०

कळप आला तसाच गेला, झुडपं पुन्हा नुसती हिरवी झाली. देवकलाने मनगटाने डोळे पुसले आणि म्हणाली की ऊन फार लागते इथं. मग तिने आपलं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, कांदा. एक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. माझा डबा मी मधे उघडून ठेवला. आता झाकण वाजलं तरी चालणार होतं.

ती खाऊ लागली. दोन घास झाल्यावर तिला दिसलं की मी भाकरी हातात धरून नुसता बसलो आहे.

"खा न आता, सर."

"खातो," मी म्हटलं. "थांबा जरा."

"काऊन?"

पोटातली ती ओढ तिथेच होती. स्वच्छ, न घाबरलेली.

"आत्ता तर आली आहे," मी म्हटलं. "थोडी बसू द्या."